विमानाच्या खोक्यातले रुसलेले भाग

पार्सल घरी येते. आपण खोके उघडतो, पिशवी फाडतो आणि उजवा पंख केळ्यासारखा वाकलेला निघतो. नाकाच्या कडेला पातळ पापुद्रे लोंबत असतात. पोटाची दोन अर्धुके समोरासमोर धरली तर मधून उजेड दिसतो. पहिल्यांदा मॉडेल करणारा माणूस इथे दोहोंपैकी एक करतो. डिंक लावून दाबून धरले की बसेल म्हणून जोर लावतो, नाहीतर खोके माळ्यावर टाकून देतो. माझ्या माळ्यावर अशी तीन खोकी बरीच वर्षे धूळ खात होती.

ती खाली उतरली एमआयडीसीत साचे बनवणाऱ्या एका शेजाऱ्यांमुळे. त्यांनी तो वाकडा पंख हातात घेतला, उलटसुलट केला आणि तो कसा वाकला असेल ते सांगून टाकले. तेव्हापासून माझी पद्धत ठरली. भाग बिघडलेला दिसला की आधी तो साच्यात कसा बिघडला ते शोधायचे. औषध बहुधा तिथेच सापडते.

उदाहरणाला आपण मिग-२१ घेऊ, १/७२ प्रमाणातले, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचे. आमच्या साताऱ्याला हे विमान परके नाही. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी इथेच सुरू झाली. २००९ ते २०११ या काळात हवाई दलप्रमुख असलेले प्रदीप वसंत नाईक हे त्याच शाळेचे विद्यार्थी, आणि मिग-२१ त्यांच्या हाताखालून गेलेले. ही विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनत. १९६३ मध्ये हवाई दलात आलेले मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले. आता ते पाहायचे तर कुठेतरी चौथऱ्यावर चढवलेले, नाहीतर आपल्या टेबलावर.

१/७२ मध्ये त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर भरतात. हा प्रमाणाचा आकडा डोक्यात ठेवा. मॉडेलवर अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटरची झाली. दोन बोटे आत जातील अशी फट घेऊन कोणी वैमानिक उडणार नाही.

आता भाग जन्मतो कसा ते पाहू. मोदकाचा साचा डोळ्यांसमोर आणा. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे दोनशे अंशांच्या आसपास तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, सोडतात. डाय नीट मिटली नाही की मोदकाच्या कडेने उकड बाहेर यावी तसे प्लॅस्टिक बाहेर येते. या पापुद्र्याला ‘फ्लॅश’ म्हणतात. डायचे दोन भाग किंचित सरकलेले असले तर गोल दांड्यावर पायरी उमटते. जिथे प्लॅस्टिक जाड असते तिथे आतला गाभा सावकाश थंड होतो, आकसतो आणि वरची कातडी आत ओढतो. तो खळगा म्हणजे ‘सिंक’. टोकापर्यंत प्लॅस्टिक पोचलेच नाही तर भाग अर्धवट राहतो. आणि थंड झालेला भाग डायमधून ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे मागे उरतात. जुन्या, झिजलेल्या डायमधून काढलेल्या किटमध्ये हे सगळेच दोष एकत्र नांदतात.

पहिली पायरी हजेरीची. काहीही कापण्याआधी सूचनापत्रकातला नकाशा समोर ठेवा आणि सांगाड्यावरचा, म्हणजे ज्याला मॉडेलवाले ‘स्प्रू’ म्हणतात त्यावरचा, एकेक क्रमांक तपासा. काय नाही, काय अर्धवट आहे, काय वाकले आहे, पारदर्शक भागांना तडा आहे का, हे कागदावर लिहा. दोष मोठा असेल तर फोटो काढून विक्रेत्याला लगेच कळवा. मोठ्या कंपन्या किटचा आणि भागाचा क्रमांक कळवला तर बदली भागाचे बघतात, पण भाग कापून, कानस मारून झाल्यावर ती तक्रार कोण ऐकणार?

मग सांगाडे कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा. डायला भाग चिकटू नये म्हणून मारलेले तेल त्यांच्यावर असते आणि पुढे त्यावर रंग धरत नाही. मोरीच्या जाळीवर चहाची गाळणी ठेवा. सुटलेला एखादा भाग पाण्याबरोबर गेला की गेला.

कापताना दोन घाव घाला. पहिला भागापासून दोन मिलिमीटर लांब, दुसरा पात्याने जवळून. एकाच घावात अगदी कडेला कापले की प्लॅस्टिक आतून ओरबाडले जाते आणि कडेला खळगा पडतो. तोच पुढे लांबी लावून भरत बसावा लागतो. नेलकटर चालतो, फक्त त्याचा बाक भागाकडे येऊ देऊ नका. आणि मांडीवर जुनी साडी पसरून तिचे दुसरे टोक कपड्यांच्या चिमट्यांनी टेबलाला लावा. उडालेला भाग झोळीत पडतो. सुटे भाग ठेवायला कंदी पेढ्यांचे रिकामे खोके उत्तम, झाकणासकट.

फ्लॅश आणि पायरी या दोन्हींवर उपाय एकच, खरवडणे. पाते भागाला काटकोनात धरून गाजर खरवडतो तसे हलक्या हाताने ओढा. पाते तिरपे केले की ते कापायला लागते. चाकाच्या दांड्यावर कानस मारण्याचा मोह होतो, पण कानशीने गोल दांडा चपटा होतो. खरवडलेला गोल राहतो.

आता तो वाकडा पंख. भाग डायमधून गरम असताना घाईने काढला की थंड होता होता वाकतो, किंवा पार्सल उन्हात तापलेल्या टेम्पोत वजनाखाली दिवसभर पडून राहते. कारण कोणतेही असो, उष्णतेने बिघडलेले उष्णतेनेच सुधारते. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या सुमारास मऊ पडते. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर असल्याने इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. महाबळेश्वरला आणखी कमी. उंचीचा हा फायदा असला तरी उकळत्या पाण्यात भाग सोडू नका.

पातेल्यात पाणी उकळवा, गॅस बंद करा आणि दोन मिनिटे थांबा. पंख चिमट्याने धरून दहा सेकंद बुडवा, बाहेर काढा आणि बोटांनी उलट्या दिशेला, सरळ रेषेच्या किंचित पलीकडे, वाकवून धरा. तसाच धरून थंड पाण्यात बुडवा. मग आरशावर उपडा ठेवून पाहा. आरसा खोटे बोलत नाही, टेबल बोलते. अजून बाक असेल तर पुन्हा. मला एका पंखाला साधारण चार फेऱ्या लागतात.

इथे नेहमीची चूक म्हणजे एकाच फेरीत काम उरकणे. भाग जास्त वेळ पाण्यात राहिला की पंखाची मागची पातळ कड पापडासारखी लहरते, आणि त्या लहरी मग निघत नाहीत. क्षेपणास्त्राच्या पंखांसारख्या बारीक भागांना तीन-चार सेकंद पुरे. पारदर्शक भागांना या पातेल्यात अजिबात जागा नाही.

पोटाचे लांब अर्धुक वाकले असेल तर गरम पाण्याच्या भानगडीत पडू नका. ते टप्प्याटप्प्याने चिकटवायचे. आधी नाकाकडचे तीन सेंटिमीटर जुळवून, चिकटवून, चिकटपट्टीने बांधून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुढचे तीन. काही दिवस जातील, पण जुळलेला सांधा अर्धुकाला आपोआप सरळ ओढत आणतो.

इथे डिंकाबद्दल सांगायला हवे, कारण अर्धे नुकसान चुकीच्या डिंकाने होते. मॉडेलसाठी मिळणारे पातळ सिमेंट दोन्ही कडांचे प्लॅस्टिक वितळवते आणि ते एकजीव होते. म्हणून ते फक्त प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडते, रंगावर धरत नाही. फेविक्विक झटकन धरते, पण ठिसूळ असते आणि धक्क्याने सुटते. फेविकॉल प्लॅस्टिकला कमजोर धरते, पण सुकल्यावर पारदर्शक होते आणि हाच गुण पुढे काचेला लागणार आहे. काम खिडकीजवळ करा. वितळवणाऱ्या सिमेंटचा वास बंद खोलीत डोके धरतो, आणि लहान मुले जवळ असतील तर बाटलीचे झाकण दर वेळी लावा.

डिंकाआधी कोरडी जुळणी. म्हणजे काहीही न लावता सगळे मोठे भाग चिकटपट्टीने बांधून विमान एकदा उभे करायचे. हा अर्धा तास वाचवणारे लोक पुढे चार संध्याकाळी घालवतात. जुळणीत अर्धुके बसत नसली तर आतल्या जुळवणीच्या खुंट्यांकडे पाहा. खुंटी जाड किंवा सरकलेली असली तर तीच दोन्ही बाजूंना दूर ढकलते. ती बेलाशक कापा. खुंट्या आपल्या सोयीसाठी असतात, त्यांच्यावाचून विमान अडत नाही. त्याऐवजी एका अर्धुकाच्या आतून प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्या चिकटवा, त्यांच्यावर दुसरे टेकते.

या पट्ट्या कुठून आणायच्या? दह्याचा कप उलटा करून तळाचा त्रिकोण पाहा. आत ६ हा आकडा असला तर तो पॉलिस्टायरीनचा. मॉडेलचे सिमेंट त्याला छान धरते. ५ असला तर कप धुऊन झाडाला द्या, त्याला काहीच चिकटत नाही.

मिगची हमखास दुखरी जागा म्हणजे पंखाच्या मुळाचा सांधा. पंख पोटाला टेकतो तिथे वरून फट दिसते. लांबी भरण्याआधी एक उपाय करून पाहा. दोन्ही अर्धुके चिकटवताना आत स्प्रूचा एक तुकडा आडवा घालून पोट किंचित फुगवा. बऱ्याचदा फट तिथेच मिटते. पंख खाली झुकलेले बरोबर आहेत ना तेही पाहा. मिगचे पंख मुळापासून टोकाकडे किंचित उतरते आहेत. ते सरळ करण्याच्या नादात काहीजण फट स्वतःच तयार करतात.

तरीही फट उरली तर भरायला तीन गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीची जागा वेगळी. पहिली घरची. सुतार फेविकॉलमध्ये भुसा कालवून लाकडाची भेग बुजवतो, तसे त्याच किटच्या स्प्रूचे बारीक तुकडे काचेच्या छोट्या बाटलीत पातळ सिमेंटमध्ये टाकून रात्रभर ठेवा. सकाळी काकवीसारखा दाट रस तयार असतो. हे भरण भागाच्याच प्लॅस्टिकचे असल्याने पुढे घासताना कमी-जास्त होत नाही. मात्र ते आतून वाळायला दोन-तीन दिवस लागतात. वरून कडक झाले म्हणून दुसऱ्या दिवशी घासले की आठवड्याने तिथे खोबण पडते.

दुसरी फेविक्विक आणि टाल्कम पावडर. दोन्ही कालवून टोकदार काडीने भरा. लगेच घट्ट होते, आकसत नाही. तासाभरात घासायलाच हवे. रात्र गेली की ते प्लॅस्टिकपेक्षा कडक होते आणि घासायचा कागद आजूबाजूचे प्लॅस्टिक खातो, भरण तसेच उंच राहते. तिसरी ऑटो पेंटच्या दुकानातली एनसी पुट्टी, गाडीवर मारतात ती लांबी. उथळ ओरखडे आणि सिंकचे खळगे यांना ती बरी. जाड थर लावला तर आकसते आणि चिरते, म्हणून पातळ थर, मग वाळवणे, मग पुन्हा. आणि सांडलेली पुट्टी पुसायला एनसी थिनर वापरू नका. तो पुट्टीबरोबर विमानही पुसतो. पंखाच्या मुळाशी मोठे भगदाड असेल तर मी सरळ एम-सील घेतो. ओल्या बोटाने गुळगुळीत होते आणि प्लॅस्टिकला काही करत नाही.

घासायला वॉटर पेपर, ४०० नंबरपासून सुरू करून ६०० आणि १०००. पाणी लावून. सपाट जागी आइसक्रीमच्या काडीला कागद चिकटवून, गोल पोटावर मात्र कागदाची पट्टी दोन्ही हातांत धरून, बूट चमकवणाऱ्याचे फडके चालते तशी. बोटाखाली कागद धरून घासले की गोल पोट चपटे होते. घासण्याआधी सांध्यावर काळ्या मार्करची रेघ ओढा. घासून झाल्यावर जिथे काळे उरले तिथे खड्डा आहे. डोळ्यांना न दिसणारे यातून दिसते.

मग राखाडी प्रायमरचा हलका हात. सांधा गेला की नाही ते प्रायमरच सांगतो. गाड्यांचा स्प्रे कॅन आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून पाहा, काही कॅनमधला थिनर तेज असतो. हवाही पाहा. साताऱ्याच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा रंगावर पांढुरकी झाक आणतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये उलटे होते. स्प्रेचे थेंब हवेतच वाळतात आणि पंखावर पिठासारखे खरखरीत बसतात. म्हणून तिकडे सकाळी लवकर, इकडे उघडीप असलेल्या दुपारी.

खिळ्यांचे गोल ठसे सगळे भरत बसू नका. वैमानिकाच्या खुर्चीखालचा ठसा कोणाला दिसणार आहे? चाकांच्या दारांच्या आतले तेवढे भरा, कारण विमान उचलून पाहणारा हमखास तिथेच पाहतो.

पोट बंद करण्याआधी वजन घालायचे, आणि हे विसरलेले विमान शेपटीवर बसते. मिगच्या नाकातला शंकू आतून पोकळ असतो. सूचनापत्रकात ग्रॅम दिले असतील तेवढे, नाहीतर अंदाजाने, सायकलच्या दुकानातले बेअरिंगचे छर्रे त्यात भरून एम-सीलने पक्के करा. अंदाज असा घ्या: विमान चिकटपट्टीने बांधा आणि मागच्या चाकांच्या जागेखाली पेन्सिल आडवी धरा. नाक खाली गेले पाहिजे. गेले तरी दोन छर्रे जास्त घाला, शेपटीला अजून रंग लागायचा आहे. चाकाचा दांडा या वजनाने मोडला तर नुसते चिकटवून भागत नाही. दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडून टाचणीचा तुकडा आत घाला आणि मग फेविक्विक.

हरवलेल्या भागासाठी संध्याकाळी दिवे मालवून टॉर्च फरशीवर आडवी ठेवा. लांब सावली पडते आणि भाग सापडतो. नाहीच सापडला आणि ती बारीक अँटेना असेल, तर स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता, फिरवत गरम करा. मधे चकाकी आली की बाजूला घेऊन सावकाश ओढा. केसासारखी तार निघते. नाकावरची पिटो नळी, म्हणजे खऱ्या विमानात वेग मोजण्यासाठी पुढे काढलेली नळी, प्लॅस्टिकची टिकतच नाही. मेडिकलमधून इंजेक्शनची नवी सुई आणा आणि टोक कानशीने बोथट करा. हा भाग कंपनीच्या भागापेक्षा चांगला दिसतो.

सगळ्यात शेवटी काच, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण. हे प्लॅस्टिक ठिसूळ असते. कटरने जवळून दाबले की तडा आतपर्यंत पळतो, म्हणून बारीक करवतीच्या पात्याने लांबून कापा. ओरखडा असेल तर २००० नंबरच्या कागदाने पाणी लावून घासा आणि मग मऊ कापडावर गाड्यांचे रबिंग कंपाउंड. आधी काच धूसर होते आणि माणूस घाबरतो. घासत राहा, पाच-सात मिनिटांत ती उजळते. तडा मात्र घासून जात नाही. तो चौकटीच्या रेघेजवळ असेल तर रंगाखाली झाकायचा, मधोमध असेल तर झाकण उघडे दाखवून तडा मागे वळवायचा.

काचेजवळ फेविक्विक आणू नका. त्याची वाफ आतून पांढरा धूर बसवते आणि एकदा चिकटवलेल्या काचेच्या आत हात पोचत नाही. फेविकॉलचा बारीक थेंब पुरे. काच आणि पोट यांतली फटही त्यानेच भरते. ओल्या बोटाने पुसून घ्या. पुढे आत काही सुटले तर पात्याच्या टोकाने काच उचलताही येते.

भाच्याकडे सांगलीला विमान न्यायचे होते तेव्हा मी एसटीत खोके मांडीवर घेऊन बसलो होतो. पोटाखाली फोम, पंख मोकळे. पिटोची सुई चिकटवलीच नव्हती. ती काडेपेटीत घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि पोचल्यावर त्याच्याच हाताने भोकात खोचली.